खाडा

रात्रीची गाडी पहाटे पाचच्या सुमारास रायपूरला टेकते. फलाटावरचे दिवे अजून जळताहेत, पण उकाडा त्यांच्याआधी उठून बसलाय. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नवतपा लागून दोन दिवस झालेत. ह्या नऊ दिवसांना आमच्या आमगावात जे नाव, तेच इकडे छत्तीसगडात; आणि ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची रीतही तीच. दादाच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला आहे. काखेत कापडी पिशवी. पिशवीतून दिनदर्शिकांची जाड गुंडाळी वर आलेली.

"हे काहून घेतलं?"

"दाखवाले," तो म्हणतो. तेवढंच.

बाहेर ई-रिक्षावाले वाट अडवून उभे आहेत. "बड़े अस्पताल? आओ, बैठो." आमच्या हातातल्या फायली त्यांना लांबून ओळखू येतात. रिक्षा फाफाडीहच्या चौकातून वळते. पोह्यांच्या गाड्यांवर वाफ आहे, शेजारच्या कढईत जिलेबी सुटतेय. रायपूरची सकाळ पोहे-जिलेबीनं होते. दादा तिकडे बघतो आणि मान फिरवतो. आज उपाशीपोटी साखर तपासायची आहे.

रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फाटकापुढली पहाट कुठेही अशीच असते. कडुनिंबाखाली, ओट्यावर, बंद टपरीच्या फळीवर माणसं निजलीत. उशाला फायली. एक बाई तीन विटांवर पातेलं ठेवून चहा करतेय. बोलीवरून गावं कळतात. महासमुंदकडच्यांच्या छत्तीसगढीत उडिया मिसळलेली, बालाघाटची माणसं आमच्यासारखी बोलणारी. एक कुटुंब बस्तरचं आहे, जगदलपूरहून तीनशे किलोमीटर बसनं आलेलं. ते आपसात हलबी बोलतात. हलबी कानावर पडली की मराठी माणूस थबकतो. शब्द ओळखीचे लागतात, वाक्य मात्र हातातून निसटतं. आम्ही दीडशे किलोमीटरवरून आलोय, तेही थेट गाडीनं. आमची वाट सोपी.

नोंदणीची खिडकी आठला उघडते. रांग केव्हाची लागलीय. जमिनीवर ओळीनं चपला, पाण्याच्या बाटल्या, दगडाखाली दाबलेली एक पर्ची. प्रत्येक वस्तूमागे सावलीत कुठेतरी एक माणूस आहे. आमची चप्पल एकोणचाळिसावी. सात वाजता सूर्य भिंतीवरून उतरतो आणि फरशी तापायला लागते. मालक अनवाणी येऊन आपापल्या चपलेत पाय घालतात. वस्तूंची रांग आता माणसांची होते. कुणी भांडत नाही. पुढच्या म्हाताऱ्याच्या हातातली फाइल थरथरतेय, मागची मुलगी ती धरते. "मैं पकड़ थंव बबा."

रक्त घ्यायच्या खोलीत कूलर आहे. त्याचं पाणी संपलंय, तो नुसती गरम हवा फेकतोय. भिंतीला लागून नळ्यांचे रॅक. लाल टोपण, पिवळं टोपण, जांभळं टोपण. दादाचा आजार सीएमएल, रक्ताचा कर्करोग. सीएमएलवाल्यांना जांभळं टोपण पाठ असतं. त्या नळीतलं रक्त मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातं आणि आठ-दहा दिवसांनी, आजार किती उरलाय हे सांगणारा एक आकडा परत येतो. दर तीन महिन्यांनी एक आकडा. त्याच्यावर पुढले तीन महिने झोप लागणार की नाही ते ठरतं.

दंडाला पट्टा बांधणारी तंत्रज्ञ फाइलवरचं गाव वाचते. "आमगाव? गोंदियाजवळचं? मी मराठीच आहे, तात्यापाऱ्याची." तिची मराठी हिंदीच्या चालीवर चालते. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर होता, तेव्हापासून मराठी घरं इकडे रुजली. तात्यापारा हा त्यांचा जुना मोहल्ला. "घरी आई बोलते. मला थोडं-थोडं येतं. मुठ्ठी बांधा काका." दादा मूठ वळतो. सुई जाते. तो सुईकडे बघत नाही, नळीकडे बघतो. सहा वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी दोन लाख चाळीस हजार निघाल्या होत्या. धडधाकट माणसाच्या चार ते अकरा हजार असतात. तेव्हा पाणथरी वाढून बेंबीपर्यंत आली होती आणि तो म्हणत होता, गॅस झालाय. एक्केचाळीस वर्षांचा होता. पश्चिमेकडल्या देशांत हा आजार बहुतेक उतारवयात भेटतो. आपल्याकडे तो कर्त्या वयात गाठतो, घरात लेकरं शाळेत असताना.

शेजारच्या खिडकीतून एक पाकीट मिळतं. गेल्या खेपेला दिलेल्या रक्ताचा म्यूटेशनचा रिपोर्ट. दादा ते उघडत नाही. दिनदर्शिकांच्या गुंडाळीत खोचून ठेवतो.

ओपीडीचा बोळ लांब आणि अरुंद आहे. दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्यावर बसवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. पंखे उंच, वारा वरच्या वर फिरतो. डेटॉल, घाम आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा वास. आमचं टोकन ६२. आत १४ वा चाललाय.

एका खुर्चीवर कुणीतरी गमछा टाकून गेलंय. जागा धरून ठेवलीय. येणारा प्रत्येक जण गमछा बघतो आणि पुढे सरकतो. दादाच्या आजारावरची गोळी नेमकं हेच करते. पेशीतल्या ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदलले जातात. त्यातून एक जोडजनुक तयार होतं आणि ते एक प्रथिन बनवतं, जे पांढऱ्या पेशींना सारखं सांगत राहतं, वाढा, वाढा. त्या प्रथिनात एक खाच असते. शरीराची ऊर्जा वाहणारा एटीपीचा रेणू तिथे येऊन बसला तरच प्रथिन कामाला लागतं. इमॅटिनिबची गोळी त्या खाचेत आधी जाऊन बसते. गमछा पडला, जागा गेली. एटीपी आल्या पावली परततो आणि हुकूम थांबतो. हीच टार्गेटेड थेरपी. सगळ्या पेशींवर विष ओतायचं नाही, एक खुर्ची धरायची.

अदलाबदलीत आखूड झालेलं २२ क्रमांकाचं गुणसूत्र १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फियात पहिल्यांदा दिसलं, म्हणून शहराचंच नाव त्याला लागलं. ती दोन गुणसूत्रांची अदलाबदल आहे हे कळायला १९७३ उजाडलं. गोळीला मान्यता मिळाली २००१ मध्ये. दिसण्यापासून गोळीपर्यंत एक्केचाळीस वर्षं. दादाच्या फाइलवर इंग्रजीत शिक्का आहे, फिलाडेल्फिया पॉझिटिव्ह. जे शहर त्यानं नकाशातही पाहिलं नाही, त्याचं नाव तो सहा वर्षं काखेत घेऊन हिंडतोय.

गमछ्यावाला येत नाही. शेवटी एक म्हातारे गृहस्थ तो हळूच उचलून मांडीवर घेतात आणि बसतात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बाह्या वर सरकल्या की दिसतं, दोन्ही हातांवर निळे-जांभळे डाग आहेत, कुणी चिमटे काढल्यासारखे. मराठी ऐकून तेच बोलायला लागतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त. आजार रक्ताचाच, पण दुसरा: सीएलएल. वयस्करांचा, संथ चालणारा. सलाइनमधून केमो घेतली, काही वर्षं बरी गेली, मग मानेतल्या गाठी परत आल्या. आता इब्रुटिनिब, रोज तीन कॅप्सूल. त्यानं गाठी विरघळल्या, पण जरासा धक्का लागला की रक्त साकळतं, आणि गेल्या महिन्यापासून छातीत धडधड. आज डॉक्टर औषध बदलायचं बोलणार आहेत. व्हेनेटोक्लॅक्स. "पाच आठवडे पायरीपायरीनं चढवतात," ते बोटांवर मोजून सांगतात. "वीस, पन्नास, शंभर, दोनशे, चारशे." एकदम पूर्ण मात्रा दिली तर रोगट पेशी इतक्या झपाट्यानं मरतात की त्यांचा मळ गाळता गाळता मूत्रपिंड थकून जातं. म्हणून आधी थोडी, आणि पाणी भरपूर. आजोबांनी दोन लिटरची बाटली आतापासून जवळ बाळगायला सुरुवात केलीय.

समोरच्या खुर्चीवर दहा-अकरा वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलाय. गुडघे दुखताहेत. सिकलसेल. छत्तीसगडात आणि आमच्या पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी ऐकू येतो. रक्ताच्या ओपीडीत अर्धी लेकरं ह्याचीच वाटतात. आई पिशवीतून हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल काढते. दादा ती ओळखतो. त्याचा आजार निघाला तेव्हा पहिल्या पंधरवड्यात पेशी खाली आणायला त्यालाही तीच दिली होती. इमॅटिनिब येण्याआधी सीएमएलवाल्यांना पुष्कळदा एवढाच आधार असायचा. पेशी कमी दिसायच्या, आजार आत पुढे सरकत राहायचा, आणि चार-सहा वर्षांत बहुतेकांचा प्रवास संपायचा. ज्यांना भावंडाची अस्थिमज्जा जुळायची आणि पैसा जुळायचा, ते थोडे वाचायचे.

बारा वाजतात. टोकन ४१. बोळातली हवा जाड झालीय. पाण्याच्या मशीनपुढे रांग आहे, पाणी कोमट. एक तरुण बाई भिंतीला टेकून उभी आहे, पाठीमागून बसायची खूण केली तरी बसत नाही. हातात हिरवा चुडा, नवीन. सोबतच्या सासूला वाटतंय की सून रक्त कमी आहे म्हणून येते. नर्स बाहेर येऊन तिचं नाव पुकारते आणि म्हणते, "अकेले आना." दार लागतं. काय बोलणं होतं ते मला ऐकू येत नाही, आणि येऊही नये. पण ह्या बोळात वारंवार बसणाऱ्याला ते ठाऊक असतं: इमॅटिनिबवर असताना दिवस जाऊ देऊ नयेत, बाळाला धोका असतो. पोर हवं असेल तर आजार आधी खोल दाबून, वर्षानुवर्षं तसाच राखून, मग डॉक्टरांच्या देखरेखीत गोळी थांबवून बेत आखावा लागतो. तो बेत एकटीनं आखायचा नसतो. घरी सांगावं लागतं. ती बाहेर येते, डोळे कोरडे, पदर नीट करते, आणि सासूला म्हणते, "आयरन के गोली लिखे हे."

आमची वेळ आली तेव्हा अडीच वाजलेत. खोलीत एका वेळी तिघांना घेतात. एक टेबलापाशी, दोघे मागे बाकावर. टेबलापाशी आता कांकेरकडचा एक माणूस आहे, पस्तिशीचा, काटक. गालाची कातडी जागोजागी उजळलेली, डोळ्यांखाली सूज. ही इमॅटिनिबची ओळख. सहा वर्षांपूर्वी दादालाही गावात लोक म्हणायचे, आजारपणात गोरा झालास की. माणसाच्या मागे त्याची बायको उभी आहे.

डॉक्टरीण आकडा बघते. सहा महिन्यांपूर्वी बरा होता, आता उसळलाय. ती मान वर करते आणि छत्तीसगढीत विचारते, "कतका दिन के नागा होइस?"

नागा म्हणजे आपला खाडा. मजुराच्या हजेरीत पडतो तोच. ह्या खोलीतला सगळ्यांत मोठा प्रश्न हा आहे.

माणूस पायाच्या अंगठ्याकडे बघतो. "पंदरा दिन..."

"सवा महीना, मैडम," बायको मागून म्हणते.

"काबर?"

"पत्ता टोरे बर गे रेहेन. दवई सिरा गे रिहिस."

पत्ता म्हणजे तेंदूपत्ता. एप्रिल-मेचे थोडेच दिवस असतात. पहाटे रानात जायचं, पानं तोडायची, पन्नास पानांची एक गड्डी बांधायची, संध्याकाळी फडावर मोजून द्यायची. छत्तीसगडात हजार गड्ड्यांच्या बोऱ्याला साडेपाच हजार रुपये मिळतात. म्हणजे शंभर गड्ड्यांचे साडेपाचशे. सगळं घर राबतं. त्या दिवसांत गोळ्या संपल्या. रायपूरला यायचं तर दोन दिवस जाणार, दोन दिवसांची पानं जाणार. आमच्या गोंदिया-गडचिरोलीत हाच हंगाम, हेच गणित. गोळी फुकट मिळते तरी गोळीपर्यंतचा रस्ता फुकट नसतो.

मी वाट बघतो की आता ती रागावेल. ती रागावत नाही. फाइलमध्ये ३८ दिवस असं लिहिते. मग विचारते, टीबीचं औषध तर चालू नाही ना? टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन ह्या गोळीला शरीरात टिकू देत नाही. घेतलेली गोळी न घेतल्यासारखी होते. नाही, तो म्हणतो. "सच बताया, अच्छा किया," ती म्हणते. आणि पुढचं सावकाश, बायकोकडे बघत समजावते. खाडा पडल्यामुळे आकडा वाढला असेल तर हीच गोळी पुन्हा नियमानं घेतली की तो बहुधा खाली येतो. औषध बदलायची घाई नाही. पण खाडा लपवला असता, तर ती समजली असती की गोळी हरली, आणि पुढचं, जास्त जड औषध सुरू केलं असतं. ह्या आजारात पायऱ्या मोजक्या आहेत. एक पायरी उगाच खर्च झाली असती.

पुढच्या वेळी पत्त्याच्या हंगामाआधी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम न्या, ती चिठ्ठीवर तसं लिहूनही देते. बायको चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधते.

दादा टेबलापाशी बसतो. मी त्याच्या मागे, ती बाई उभी होती तिथे.

"नागा?"

"एक भी दिन नहीं, मैडम."

माझे कान तापतात. फेब्रुवारीपासून आमच्या घरात हा एकच प्रश्न फिरतोय. चार वर्षं त्याचा आकडा ०.०४ टक्क्यांवर होता. वर्षभरात ०.१ च्या खाली गेलात की डॉक्टर समाधानी असतात, आणि तो कितीतरी खाली होता. मग आला ०.३. मग १.९. पुन्हा तपासला, तरी तेवढाच. वहिनीनं विचारलं, चुकवल्यास ना? आईनं विचारलं. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना माझा आवाज वर गेला होता. तो काही बोलला नाही. उठून राईस मिलवर निघून गेला, सुट्टीचा दिवस असताना.

आता तो गुंडाळी सोडतो. सात दिनदर्शिका टेबलावर पसरतात. त्या आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेल्या असायच्या, दुधाचा हिशेब लिहायच्या. प्रत्येक तारखेखाली निळी खूण. रोज. दिवाळीला, पोळ्याला, बाबांच्या तेराव्याला. कुठे बारीक अक्षरात 'उलटी झाली', कुठे 'पाय वळले', कुठे 'रात्री ११, लग्नाहून आल्यावर'. दुधाचे लिटर, सिलिंडरची तारीख, आणि त्यांच्यामध्ये दोन हजारांवर निळ्या खुणा. मी त्या दारातून रोज येत-जात होतो.

डॉक्टरीण घाई करत नाही. बाहेर वीस माणसं ताटकळताहेत, तरी ती पानं उलटते. खाड्याचा प्रश्न उगाच नसतो. लंडनला सीएमएलच्या ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या डब्यांना यंत्र बसवून झाकण किती वेळा उघडतं ते मोजलं होतं. अभ्यास २०१० साली छापून आला. ज्यांनी दहातल्या नवांपेक्षा जास्त मात्रा घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत आजार चांगला दबण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के. ज्यांनी त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात जेमतेम २८. महिन्यातले तीन खाडे, आणि एवढा फरक. म्हणून प्रत्येक डॉक्टर आधी तो प्रश्न विचारतो आणि विचारायलाच हवा. पण उरलेलेही असतात. ज्यांचा एकही खाडा नाही आणि तरी आजार परततो.

ती पाकीट फोडते. वाचते. मग रिपोर्टवर बोट ठेवून कागद दादाकडे फिरवते, जणू तो ते वाचू शकणार आहे.

"आपने दवा नहीं छोड़ी. बीमारी ने शकल बदल ली है. आपकी गलती नहीं है."

दादा मान हलवतो. एकदाच.

कागदावर लिहिलंय एफ३५९व्ही. प्रथिनाच्या साखळीतला ३५९ क्रमांकाचा दुवा बदललाय. खुर्चीची बैठकच वाकडी झाली. गमछा टाकला तरी घसरून पडतो. असे बदल पुष्कळ प्रकारचे असतात आणि प्रत्येकावर कुठलं औषध चालतं, कुठलं नाही, ह्याचं कोष्टक डॉक्टरांकडे असतं. सगळ्यांत धास्ती टी३१५आय ह्या बदलाची. तो आला तर इमॅटिनिब, डॅसाटिनिब, नायलोटिनिब, बोसुटिनिब चारही निकामी. मग उरतात पोनॅटिनिब, जे रक्तवाहिन्यांत गुठळ्या करू शकतं, आणि ॲसिमिनिब, जे खाचेच्या वाटेला न जाता प्रथिनाला दुसऱ्याच बाजूनं पकडतं. दादाला टी३१५आय नाही. एफ३५९व्हीवर डॅसाटिनिब चालतं.

आता सूचना. रोज एक, शंभर मिलिग्रॅम, जेवणाआधी किंवा नंतर, पण वेळ एकच. चावायची नाही, फोडायची नाही. सुरुवातीला दर आठवड्याला प्लेटलेट तपासायच्या, त्या गोंदियात तपासल्या तरी चालतील. दम लागला, आडवं पडल्यावर खोकला आला, तर तारखेची वाट न बघता यायचं. ह्या औषधानं फुप्फुसाभोवती पाणी जमू शकतं. आणि गॅसची गोळी बंद.

"गैस की?" दादा पहिल्यांदा गोंधळतो. आमच्याकडे गॅसची गोळी औषधात धरत नाहीत. किराणा दुकानातसुद्धा मिळते. पण ती पोटातलं आम्ल मारते आणि आम्लाशिवाय डॅसाटिनिब रक्तात नीट उतरत नाही. रोज खुणा करत राहिला असता आणि औषध अर्धंमुर्धंच पोहोचलं असतं. डॉक्टरीण ते वाक्य लाल पेनानं लिहिते आणि खाली दोन रेघा मारते.

औषधाच्या खिडकीपुढे पुन्हा रांग. आधी आयुष्मान कार्डाचा शिक्का, मग अंगठा, मग सर्व्हर. सर्व्हर अडकतो. रांगेतले सगळे एका पडद्याकडे बघत उभे राहतात. आमच्यासारख्या महाराष्ट्राच्या कार्डवाल्यांना एक सही जास्त. चार वाजता खिडकीवरचा मुलगा डबी पुढे सरकवतो. तीस गोळ्या. दादा ती दोन्ही हातांनी घेतो.

इमॅटिनिबच्या मूळ कंपनीची महिन्याची मात्रा एके काळी भारतात सुमारे एक लाख वीस हजारांना होती आणि तीच गोळी भारतीय कंपन्या आठ-दहा हजारांत देत होत्या. स्विस कंपनी पेटंटसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानं ते नाकारलं. जुन्याच औषधाचं नवं रूप जास्त गुणकारी असल्याचं दाखवल्याशिवाय पेटंट नाही, हा आपल्या कायद्यातल्या कलम ३(ड)चा अर्थ त्या दिवशी पक्का झाला. ह्या रांगेत कुणाला ते कलम माहीत नाही. पण रांग आहे, माणसं गोळी घेऊन घरी जाताहेत, ह्याच्यात त्या निकालाचा वाटा आहे. 

बाहेर ऊन अजून उभंच आहे. कडुनिंबाखाली सकाळचीच बाई आता तांदूळ निवडतेय. कांकेरचं जोडपं पितळी डब्यातून बोरे बासी खातंय, पाण्यात भिजवलेला रात्रीचा भात, कांदा, मिरची. बायको नवऱ्याच्या हातावर गोळी ठेवते. डॉक्टरांनी सांगितलंय, भरल्या पोटी आणि पेलाभर पाण्यासोबत. तो गिळतो. ती त्याचा गळा हलताना बघते, मगच आपला घास घेते. दादा त्यांच्यापाशी थांबतो. पिशवीतून सातपैकी एक दिनदर्शिका काढून त्या माणसाला दाखवतो, खुणा दाखवतो, काही बोलत नाही. तो माणूस बोटानं दोन-तीन खुणांवरून फिरतो. "रोज?" "रोज." मग खिशातला पेन दादा त्याला देऊन टाकतो.

संध्याकाळची गाडी भरलेली आहे. खारूनच्या पुलावर वाऱ्याची पहिली झुळूक. दुर्गपर्यंत उभे, मग जागा. भिलाईच्या धुराड्यांचा उजेड मागे जातो, राजनांदगाव जातं. मी दोन-तीनदा बोलायला तोंड उघडतो. "दादा, मी तेव्हा..." तो म्हणतो, "राहू दे. पाणी दे."

नऊ वाजतात. डोंगरगडच्या बमलेश्वरीच्या डोंगरावर दिव्यांची ओळ दिसते. दादा डबीचं सील तोडतो, गोळी जिभेवर ठेवतो, बाटली तोंडाला लावतो. मग ह्या वर्षाची दिनदर्शिका मांडीवर उलगडतो आणि खिसा चाचपतो. पेन नाही. मी माझा देतो. २७ मेच्या खाली निळी खूण. डबीत एकोणतीस उरतात.